व्हाळावर आलेला थोरला

आमच्या वाडीत कुणाचा अंदाज चुकला की आजही म्हणतात, "आजोबाची म्हस झाली." तो आजोबा मी. माझे नातूसुद्धा माझ्यासमोर हसतात. इतकी वर्षं मी हसू दिलं. आता ज्यांच्यापायी तोंड मिटून बसलो होतो त्यातलं कुणी उरलेलं नाही, म्हणून लिहायला बसलोय. मी शाळेत दोन पावसाळे गेलो, तेही कुंभारवाड्यात मास्तर टिकले तोवर. माझं अक्षर वाकडं आहे. लिहितोय ते वाकडं नाही.

आधी एका शब्दाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या रानात वाघाला वाघ म्हणत नाहीत. नाव घेतलं की त्याला हाक मारल्यासारखं होतं आणि हाक मारल्यावर तो येतो, असं आम्ही मानतो. म्हणून आम्ही म्हणतो 'थोरला'. थोरला खिंडीत आहे, थोरल्यानं वासरू नेलं. बिबट्याला मात्र कुणी धाकटा म्हणत नाही. तो मान फक्त माझा. कारण आमच्या घरात भाऊ दोन, एक थोरला, एक धाकटा. आई आम्हाला तशीच हाक मारायची. उंबऱ्याच्या आत थोरला म्हणजे माझा भाऊ, बाहेर थोरला म्हणजे वाघ. कधी गोंधळ झाला नाही. एकदा झाला तो सांगतो.

घाट उतरला की खाली गोव्याचा डोंगराळ मुलूख. तिथं फिरंग्याचं राज्य, वर आमच्यावर इंग्रजाचं. खालच्या डोंगरातल्या लोकांचं आणि फिरंगी सरकारचं भांडण माझ्या आजाच्याही आधीपासूनचं. सरकार नवी पट्टी बसवायचं, लोक बंदुका घेऊन रानात शिरायचे, शिपाई येऊन गावं जाळायचे. मग कुणीतरी मध्ये पडून तह व्हायचा, कागद व्हायचा, शपथा व्हायच्या. काही वर्षं गप्प. की पुन्हा तेच. आम्ही वर बसून ते ऐकायचो, डोंगरापलीकडं गडगडतंय आणि आपल्याकडं ऊन आहे, तसं.

माझी मावशी खाली दिली होती. थोरला तिच्याकडं भात झोडायला म्हणून गेला. तो तिथं असतानाच शिपायांनी मावशीचं खळं मोकळं केलं आणि तिच्या नवऱ्याला दावं लावून नेलं, बैल नेतात तसं. थोरला परत आला नाही. पंधरा दिवसांनी मी कॅसलरॉकला स्टेशनाच्या आवारात लाकूड उतरवत होतो, तेव्हा खालचा एक हमाल माझ्या शेजारी ओझं टेकवून, तोंड दुसरीकडं करून बोलला, "तुमचा थोरला बंडात गेला."

बंडवाल्यांची रीत अशी. खाली चौकीवर तुटून पडायचं, आणि शिपाई गोळा व्हायच्या आत घाट चढून आमच्या रानात यायचं. हद्दीचा दगड ओलांडून फिरंग्याच्या शिपायाला येता येत नसे. मग फिरंग्यानं इंग्रजाला लिहिलं आणि इंग्रजानं आमच्या वाडीवर पोलिस बसवले. एक हवालदार आणि चार शिपाई, देवळाच्या पडवीत मुक्काम. दवंडी झाली की बंडवाल्याला भाताचा घास दिला तरी घराला कुलूप आणि माणसाला तुरुंग. बंडवाला हद्दीत दिसला आणि थांब म्हटल्यावर थांबला नाही तर गोळी.

त्या दिवसापासून आईनं 'थोरला' हा शब्द घरात बंद केला. हवालदारानं विचारलं तर म्हणायची, "मला एकच ल्योक. ह्यो." दोन वर्षं तो शब्द फक्त जनावराचा होता. मलाही तशी सवय झाली. माझी चूक झाली ती तिथं.

आता माझ्याबद्दल. मी माग काढणारा. ओल्या मातीवर, पाल्यावर, खडकावरसुद्धा मी जनावर कुठून गेलं, कधी गेलं, पोट भरलेलं होतं की रिकामं, ते सांगायचो. जंगलसाहेब शिकारीला आला की आधी माझ्या घरी माणूस यायचा. हे मी फुशारकीनं लिहितोय, आणि ती माझी आहे, मी ती टाकणार नाही. मला हे शिकवलं आमच्या शेजारच्या काकानं. माझ्या बापाचा चुलतभाऊ तो. बाप गेल्यावर त्यानंच मला रानात हिंडवलं. पुढं त्याचे गुडघे गेले आणि साहेब मला बोलवायला लागले. त्याला ते लागलं असणार, पण तो सगळं थट्टेवर न्यायचा.

हवालदार धारवाडकडचा, कन्नड बोलणारा. मराठी मोडकंतोडकं, 'तू'ला 'नी' म्हणायचा. आल्या आल्या त्यानं मला पडवीत बोलावून सांगितलं, "नी माग काढतो ना? बंडवाल्याचा काढ."

मी म्हटलं, "मी जनावराचा काढतो. माणसाचा न्हाई."

तो हसला. "माणूस काय उडत जातो?"

त्यानंतर मी रानात गेलो की एक शिपाई लांबून माझ्या मागं असायचा. ते मला कळायचं. शिपायाचा बूट सरड्यालाही कळतो.

त्या दिवशी आमच्या शेतात कापणी होती. सावडीनं, म्हणजे आज तुझ्या शेतात उद्या माझ्या, अशी वाडीतली सगळी घरं आली होती, पंधरा-वीस माणसं. दुपार कलली होती. हवालदार बांधावर बसून आमचीच काकडी खात होता, शिपाई सावलीला लवंडलेले. काका माझ्या शेजारच्या तासाला होता आणि कापता कापता माझ्या विळ्याची टिंगल करत होता, "त्यानं भात कापतोस का भाताला गुदगुल्या करतोस?"

आई पाण्याला व्हाळावर गेली होती. व्हाळ म्हणजे ओढा, शेताच्या खाली, दोन हाकांच्या अंतरावर. तिथं वेताची दाट जाळी. ती परत आली ती शेताच्या कडेशी थांबली. डोक्यावर कळशी नव्हती. मला ते दिसलं, पण दिसून उपयोग काय. तिथूनच तिनं हाक दिली.

"धाकट्या! थोरला आलाय रे व्हाळावर! लागलंय त्याला. एकट्यानं येऊन बघ!"

आज लिहिताना माझं मलाच नवल वाटतं. लागलेल्या वाघाकडं कुठली आई पोराला एकट्यानं बोलावते? चार माणसांदेखत, पोलिसांदेखत तिनं केवढ्या हुशारीनं शब्द निवडला होता. इतरांना वाघ ऐकू यावा आणि मला भाऊ. आणि मी? मी इतरांसारखाच ऐकला.

मी राखणीच्या माळ्यावर चढलो, घासलेटचा रिकामा डबा घेतला आणि बडवायला लागलो. "थोरला! थोरला जखमी हाय! व्हाळावर हाय!"

विळे पडले. बायका पोरांना घेऊन वर पळाल्या. पुरुषांनी कोयते, भाले, काठ्या, डबे, हाताला येईल ते उचललं. काका म्हणाला, "एकट्यानं ये म्हनती? तुझी आय खुळी झाली काय रं?"

आईकडं बघितलं तर तिचा हात तोंडावर गेला होता. मला वाटलं, भ्याली. मग ती वळली आणि पुन्हा व्हाळाकडंच पळत सुटली.

"अगं ये! मागं फीर!" सगळे ओरडले.

"माझी कळशी ऱ्हायली!" ती न थांबता ओरडली.

"घ्या," काका म्हणाला. "थोरल्याच्या तोंडातनं कळशी काढायला निघाली."

एवढ्यात हवालदार उठला. हातातली काकडी टाकून त्यानं बंदूक घेतली होती. "थोरला यारु?" त्यानं विचारलं. थोरला कोण?

सगळं शेत गप्प झालं. आमच्या घरचा थोरला कोण आणि कुठं आहे ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. कुणी कुणाकडं बघेना. आई गेली त्या वाटेकडं मी पहिल्यांदा नीट बघितलं.

काकानंच तोंड उघडलं आणि कन्नडातलं वाघाचं नाव सांगितलं. "हुली, साहेब. आमी त्याचं नाव घेत न्हाई. हुली."

"हुली?" हवालदाराचे डोळे चमकले. कातडं वर साहेबाला पाठवलं तर बढती, एवढा विचार त्याच्या तोंडावर मला वाचता आला. "चला! नी पुढं."

मी पुढं. माझ्या मागं पाच बंदुका, मग भाला टेकत काका, मग डबे बडवणारी वाडी. उतार उतरताना माझ्या कानात डब्यांच्या आवाजावर आईचा आवाज चढत होता. एकट्यानं ये. एकट्यानं ये. डोक्यावर कळशी नव्हती. मी पाय हळू टाकायला लागलो. मागून हवालदार ढकलत होता.

व्हाळावर आई पाण्याच्या कडेला उभी होती. कळशी आडवी पडलेली, सगळ्या चिखलावर पाणी सांडलेलं. ती आमच्याकडं बघून म्हणाली, "घाबरून हातातनं सुटली." तिनं ती मुद्दाम सांडली होती. माग पुसायला. पाणी जिथं पोचलं तिथं पुसला होता. एका जागी पोचलं नव्हतं.

मी वीस पावलांवरून तो बघितला. माणसाचा डावा पाय, चार बोटांचा. करंगळीच्या जागी काही नाही. ती करंगळी लहानपणी कळक तोडताना माझ्याच कोयत्यानं गेलेली. त्याच्या बाजूला उजव्या पायाचा फक्त चवडा, टाच टेकलेलीच नाही, आणि शेजारी काठीचं भोक. उजव्या पायाला लागलंय, काठीवर चालतोय, पळू शकत नाही. चिखलाच्या कडा अजून ढासळल्या नव्हत्या. आणि तोंड वेताच्या जाळीकडं. जाळी तिथून दहा-बारा हातांवर.

माझ्या आयुष्यात मी इतका सरळ माग वाचला नाही. आणि पाच बंदुका मीच तिथं आणल्या होत्या.

मी चालत गेलो आणि त्या चार बोटांवर माझा पाय ठेवला. पूर्ण वजन टाकलं. गार चिखल बोटांतून वर आला.

"एल्ली?" हवालदारानं विचारलं. कुठं?

"हितं पाणी प्यालाय," मी म्हणालो. "आनि वर गेलाय. माळाकडं. त्यो बघा." मी दुसऱ्या अंगाला, उघड्या डोंगराकडं बोट केलं.

काका भाल्यावर रेलून वाकला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. "कुटं रं? मला तर एक बी पंजा दिसंना."

"तुजं डोळं म्हातारं झालं, काका," मी म्हणालो. सगळ्यांसमोर. ज्यानं माझं बोट धरून मला पहिला पंजा दाखवला त्याला.

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग माझ्या पायाकडं बघितलं, जो मी अजून उचलला नव्हता. बराच वेळ बघितलं, असं मला वाटलं. मग सरळ होऊन म्हणाला, "आसंल बाबा. तू म्हनतोस तर आसंल."

एक शिपाई पाणी ओलांडून जाळीपाशी गेला. बंदुकीच्या नळीनं वेत बाजूला करायला लागला. आई तिथून चार हातांवर. तिनं कळशी उचलली आणि छातीशी धरली. मी ओरडलो, "ए मामा! जाळीत असता तर माझ्या आयला सोडली असती व्हय त्यानं? ती मगापासनं तितंच हुबी हाय. चल वर, उजेड हाय तवर!"

हवालदाराला ते पटलं. त्यानं शिपायाला शिवी देऊन बोलावलं. मी पाय उचलताना टाच गरकन फिरवली आणि चार बोटं कायमची मोडली.

मग मी ती वरात डोंगरावर नेली. लांबात लांब वाटेनं. कोरड्या खडकावर वाकून म्हणायचो, हितनं गेला. पालापाचोळ्यावर बोट ठेवून म्हणायचो, हितं बसला. जिथं हत्ती गेला तरी माग उमटायचा नाही तिथं मी वाघ चालवला. वाडीतली माणसं आधी गंभीर होती, मग एकमेकांकडं बघायला लागली. मला त्यांची नजर पाठीवर कळत होती. त्यातली निम्मी माणसं स्वतः रानातली. काका दर थोड्या वेळानं म्हणायचा, "दिसतोय का रं अजून? का लाजला?" मी म्हणायचो, "दिसतोय." माझे कान लाजेनं जळत होते. भावासाठी जीव द्यायला मी तयार होतो असं मला वाटायचं. माग काढणारा म्हणून असलेलं नाव द्यायची पाळी येईल असं वाटलं नव्हतं.

माळापलीकडं एक घळ आहे, दिवाळीपर्यंत तिथं चिखल राहतो. आम्ही कडेला आलो आणि आत काहीतरी जड हललं. झुडूप थरथरलं. डबे थांबले. मलाच क्षणभर वाटलं, मी इतका वेळ खोटं बोललो म्हणून तो खरंच आला. हवालदारानं बंदूक लावली आणि झाडली.

आवाज डोंगराला आपटून खाली व्हाळाकडं गेला. मी मनात म्हटलं, आता आई हा आवाज ऐकत असंल.

घळीतून चिखलानं माखलेलं काळं धूड उसळून वर आलं आणि सरळ आमच्या अंगावर. माणसं मिळेल त्या झाडावर चढली. हवालदार माझ्याआधी चढला, पागोटं खाली, बंदूक खाली. धूड आमच्या मधून गेलं, पुढं जाऊन थांबलं आणि हंबरलं.

काका एकटाच झाडावर चढला नव्हता, गुडघ्यांमुळं. तो बघत राहिला आणि म्हणाला, "आरं, ही तर माजी म्हस!"

गोळी कुठं गेली देव जाणे, म्हशीला लागली नव्हती. मग काका हसायला लागला. भाला टाकून, पोट धरून हसला. "थोरला गावला रं! शिंगं फुटलीत थोरल्याला! दूध बी देतोय!" त्याच्यामागून सगळी वाडी हसली. शिपाईसुद्धा हसले. हवालदार उतरला आणि त्यानं मला दोन लाथा घातल्या. तिसरी घातली नाही, कारण त्यालाही हसू यायला लागलं होतं. म्हणाला, "नी माग काढणार? नी शेण काढ." त्यानंतर त्यानं मला कधी बंडवाल्याचा माग काढायला सांगितलं नाही आणि माझ्या मागं शिपाईही फिरवला नाही.

परत आलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. आई उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. सुपात हात फिरत होता, पण तांदूळ आधीच निवडलेला होता. मागं पोलिस होते. तिनं मान वर केली नाही.

मी अंगणातून मोठ्यानं म्हणालो, "थोरला गावला न्हाई."

"गोळी कसली वाजली?"

"काकाच्या म्हशीवर. लागली न्हाई."

"बरं झालं," ती म्हणाली. आणि मग माझ्या पायांकडं बघत, "पाय धू. चिखल हाय."

आम्ही डोंगरावर असताना तिनं त्याला जाळीतून काढून खांद्यावर घेऊन पलीकडच्या उतारापर्यंत नेलं होतं. तिथं त्याचे दोघं साथीदार होते. हे तिनं मला पुष्कळ दिवसांनी, चार शब्दांत सांगितलं. मी डबा का बडवला, हे तिनं मला कधीच विचारलं नाही. तिनं विचारलं असतं तर बरं झालं असतं.

काही वर्षांनी खाली पुन्हा तह झाला, माफी मिळाली. थोरला घरी आला. उजवा पाय आखडलेला, केस पिकलेले. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी त्याला म्हशीची गोष्ट सांगितली आणि तो सगळ्यांत मोठ्यानं हसला. त्याला आईनं सांगितलं होतं एवढंच, की त्या दिवशी पोलिस वाघाच्या मागं गेले. म्हणून तो दरवर्षी कापणी झाली की रानातल्या वाघदेवाच्या दगडाला नारळ द्यायचा. "त्या दिसाला थोरल्यानं मला राखला," म्हणायचा. खोबरं सगळ्यांना वाटायचा. मलाही द्यायचा आणि वर म्हणायचा, "घे. तुला तर त्यो दिसला बी न्हाई."

मी खोबरं खायचो.

का नाही सांगितलं? आधी तुरुंगाचं भय. मग भय गेलं आणि दुसरंच राहिलं. म्हशीला वाघ म्हणालो, हे मला सोसलं असतं, सोसलंच. पण ते सांगायचं तर आधी हे सांगावं लागलं असतं की आईची हाक मला कळली नाही, आणि भावावर बंदुका मीच नेल्या. ते माझ्या तोंडून निघेना. काकानं मरेपर्यंत माझी थट्टा केली. माझ्या पायाखाली काय होतं ते त्यानं बघितलं होतं की नव्हतं, मला आजही माहीत नाही. पण घळीपाशी तो हसला नसता तर हवालदारानं मला सोडला नसता.

थोरला यंदाच्या पावसाळ्यात गेला. शेवटच्या दिवसांत त्याच्या पायांना गोळे यायचे, मी तेल लावून चोळायचो. एके दुपारी तो डोळे मिटून पडला होता, मला वाटलं झोपला. डावा पाय माझ्या मांडीवर होता. तो म्हणाला,

"धाकट्या, त्या दिसाला व्हाळावर खरंच थोरला हुता काय रं?"

मी चोळायचा थांबलो नाही.

"हुता," मी म्हणालो. "मी माग बगितला न्हवं. चार बोटांचा."

त्यानं डोळे उघडले नाहीत. थोड्या वेळानं माझ्या हातात त्याची ती चार बोटं हलली. मग म्हणाला, "औंदाचा नारळ तूच घे सगळा."

यंदा तो नव्हता, म्हणून नारळ मीच दिला. वाघदेवाला अर्धा दिला. अर्धा घरी आणून मी एकट्यानं खाल्ला, नातवांना दिला नाही.